खेळाडूची पावले : त्यांच्या दुखापतींची ओळख व उपचार

क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानास निराळेच चैतन्य येते. पहाटे पूर्णेच्या कालव्याकाठी धावणारी मुले, सायंकाळी खो-खोच्या पाटीत उकिडवी बसलेली मुलींची रांग, कबड्डीच्या दमाचा तो घुमणारा आवाज, हे सर्व पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. परंतु याच दिवसांत शाळेच्या औषधपेटीपाशीही रांग लागते. कोणाच्या अंगठ्यास ठेच, कोणाच्या टाचेत काटा, कोणाचा घोटा सुजून मडक्याएवढा. या रांगेतील बहुतेकांचे दुखणे पायाचे, व तेही घोट्याखालच्या भागाचे असते, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. यास्तव यंदाच्या अंकात विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी याच विषयावर चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

पावलांचा इतिहास आपल्या महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासाशी जडलेला आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शर्यती झाल्या. त्या वेळी जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. धावणारे पुष्कळसे तरुण शेतकरी घरांतील असून अनवाणी धावत होते. त्यांना कोणी शास्त्रोक्त शिक्षण दिले नव्हते. तरीही त्यांचा वेग पाहून टाटांच्या मनात हिंदी खेळाडूंस ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार दृढ झाला, आणि १९२० साली अँटवर्प येथे आपला पहिला छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनच्या दीर्घ शर्यतीत त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुढे १९६० साली रोम येथे इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने अनवाणी पायांनी मॅरेथॉन जिंकली, व त्याच वीराने १९६४ साली टोकियो येथे बूट घालून तीच शर्यत पुन्हा जिंकली. यावरून एवढे ध्यानात यावे की, यश बुटात नाही आणि अनवाणीपणातही नाही. ते निरोगी पावलात आहे.

पाऊल म्हणजे काय

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात. टाचेच्या व घोट्याखालच्या बाजूस ७, मध्यभागी लांबट अशी ५, आणि बोटांची १४. अंगठ्यास दोन व इतर बोटांस प्रत्येकी तीन हाडे असतात. दोन्ही पावले मिळून ५२ हाडे झाली, म्हणजे शरीरातील २०६ हाडांपैकी सुमारे चौथा हिस्सा. ही हाडे दोरखंडासारख्या चिवट बंधांनी, ज्यांस अस्थिबंध म्हणतात, एकमेकांशी बांधलेली असतात, आणि त्यांची मिळून तळव्यास कमान होते. पाऊल जमिनीवर पडले की कमान किंचित दबते आणि उचलले की पुन्हा वर येते. त्यामुळे धक्का सोसला जातो.

हा धक्का केवढा असतो? धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या पायावर दर वेळी ८० ते १२० किलोंचा भार पडतो, असे म्हणता येईल. पावलाची ढांग दीड मीटर धरली तर १५०० मीटरांच्या शर्यतीत एक हजार पावले, म्हणजे प्रत्येक पायावर पाचशे आघात. हे गणित ज्याने एकदा केले, तो पायाच्या दुखण्यास क्षुल्लक म्हणणार नाही.

कातडी व नखे यांची दुखणी

प्रथम वरवर दिसणारी दुखणी घेऊ.

फोड : नवा बूट, ओला मोजा किंवा तापलेली जमीन यांमुळे कातडी घासली जाऊन तिच्या थरांमध्ये पाणी जमते. पंढरीची वारी पायी करणाऱ्यांस याचा चांगला परिचय असतो. लहान फोड असेल तर तो फोडू नये, वर स्वच्छ पट्टी लावून ठेवावी. आतले पाणी आपोआप जिरते. फोड मोठा व दुखरा असेल तर पाय साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने त्याच्या कडेला छिद्र पाडून पाणी काढावे, परंतु वरची कातडी ओढून काढू नये. ती कातडी हीच निसर्गाने दिलेली उत्तम पट्टी होय. घरातील ज्या वडीलधाऱ्यांस मधुमेह आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग घरी मुळीच करू नये, वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते व जखम लवकर चिघळते.

काटा व धसकट : आपल्या भागातील काळ्या रानात बाभूळ, बोर व सराटे यांचा तोटा नाही. ज्वारी कापून झाल्यावर उरलेली धसकटे तर सुरीसारखी असतात. काटा रुतला तर प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाय धुवावा, मग चिमट्याने काटा ज्या दिशेने गेला त्याच दिशेने ओढावा. तो खोल मोडला असेल तर सुईने उकरत बसू नये. राहिलेला तुकडा आत पू करितो, किंवा पुढे त्या जागी दुखणारी कठीण गाठ बनते. गंजलेला खिळा बुटाच्या तळातून पायात घुसला तर जखम दिसावयास लहान, परंतु आत खोल असते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. धनुर्वाताची लस सरकारी योजनेत दहाव्या व सोळाव्या वर्षी दिली जाते. ती दिली आहे की नाही, हे पालकांनी कार्ड काढून पाहावे. जखमेवर शेण, माती, चुना किंवा तंबाखू लावण्याची चाल अजून काही घरी आहे. धनुर्वाताचे जंतू माती व शेण यांतच वास करितात, हे ठाऊक असता अशी चूक करणे शोभत नाही.

चिखल्या : पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून फाटते, खाज सुटते, आग होते. ही एक प्रकारची बुरशी आहे. ओले मोजे दिवसभर घालून बसणे व दुसऱ्याचे मोजे वापरणे यांमुळे ती वाढते. पाय धुतल्यावर बेचके कोरडे पुसावे, मोजे रोज बदलावे, आणि क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन यांचे मलम औषधविक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडले की चिखल्या परत येतात.

नखे : ठेच लागून किंवा घट्ट बुटाचे टोक वारंवार आपटून नखाखाली रक्त साकळते व नख काळेनिळे होते. दुखणे थोडे असेल तर काही करू नये. ते नख कालांतराने गळते व नवे येते. मात्र अंगठ्याचे संपूर्ण नख येण्यास वर्ष-दीड वर्ष लागते, तेव्हा धीर धरावा. ठणका असह्य असेल तर डॉक्टर नखास छिद्र पाडून रक्त मोकळे करितात. घरी तापलेल्या सुईने हे करू नये. आणखी एक गोष्ट पालकांनी नीट ध्यानात ठेवावी. लहान मुलास अंगठ्याला जोराची ठेच लागून नखाच्या मुळाशी रक्त येत असेल, अथवा नख मुळातून उचकटले असेल, तर आत वाढीचे हाड मोडून जखम उघडी झालेली असू शकते. वरून ते 'नुसते नख उखडले' असे दिसते. अशा मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, नाहीतर हाडात पू होण्याचा धोका राहतो.

नख मांसात रुतण्याचे कारण बहुधा आपणच असतो. नखाचे कोपरे गोल व खोल कापले की वाढताना ते बाजूच्या मांसात शिरते. नखे नेहमी सरळ कापावी. रुतण्याची सुरुवात असेल तर पाय दिवसातून दोन-तीन वेळा कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवावा. पू झाला, किंवा लाली पसरू लागली, तर डॉक्टरांस दाखवावे.

बोटे व अंगठा

अनवाणी धावताना दगडावर आपटून, अथवा कबड्डीच्या झटापटीत दुसऱ्याच्या पायाखाली येऊन बोट मोडते. सूज, निळेपणा व वाकडेपणा ही त्याची लक्षणे होत. केवळ करंगळी किंवा मधले एखादे बोट सरळ असूनही दुखत असेल, तर बोटांच्या मध्ये कापसाची पातळ घडी ठेवून ते शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने सैलसर बांधावे. शेजारी आजाऱ्यास आधार देतो, तसे हे होय. अशी मोड बहुधा चार ते सहा आठवड्यांत भरून येते. परंतु बोट वाकडे झाले असेल, जखम उघडी असेल, किंवा दुखणे अंगठ्याचे असेल, तर क्ष-किरण तपासणी अवश्य करावी. पाऊल पुढे ढकलण्याचे मुख्य काम अंगठ्याचे असते. तो बिघडला तर चाल बिघडते.

खो-खोत पाटीत बसलेला गडी पायाच्या बोटांवर भार देऊन बसतो, व खो मिळताच अंगठ्याच्या जोरावर उसळतो. अंगठा जमिनीवर अडकून वरच्या बाजूस एकदम दुमडला तर त्याच्या मुळाशी असलेले बंध ताणले जातात. अंगठ्याच्या मुळाशी खालून दाबले असता दुखते व पंजावर उभे राहता येत नाही. याला घोटा मुरगळण्याइतकेच गांभीर्याने घ्यावे. कडक तळाचा बूट घालून विश्रांती द्यावी व अंगठा वर न वाकेल अशी पट्टी बांधावी.

घोटा मुरगळणे

खेळाडूंच्या सर्व दुखापतींत ही सर्वांत सामान्य होय. पाऊल आतल्या बाजूस वळून बाहेरचा बंध ताणला अथवा फाटला जातो. खो-खोत खांबाला वळसा घेताना, कबड्डीत घोट्याची पकड झाल्यावर, अथवा खड्ड्यात पाय पडल्यावर असे होते.

पहिला प्रश्न असा की, नुसता लचकला की हाड मोडले? याचे सोपे उत्तर कॅनडातील ओटावा शहरच्या डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत मिळते. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर व टोकावर बोटाने दाबून पाहावे. पावलाच्या बाहेरच्या कडेस, मध्यावर, करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी जो उंचवटा असतो, तेथेही दाबावे. तसेच पावलाच्या आतील बाजूस, कमानीच्या वरच्या हाडावर दाबावे. यांपैकी कोठेही हाडावर दाबल्याने दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच व पुढेही चार पावले चालता येत नसेल, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक समजावी. हे चार पावलांचे मोजमाप कोणीही विद्यार्थी पाठ करू शकतो.

करंगळीच्या हाडाची ही मोड प्रसिद्ध करणारे ब्रिटिश शस्त्रवैद्य सर रॉबर्ट जोन्स यांना ती स्वतःलाच झाली होती, व तीही नृत्य करताना! १९०२ साली त्यांनी तिचे वर्णन केले. पाय वळला म्हणून दुखतो आहे, असे समजून ती आजही दुर्लक्षिली जाते.

मुलांच्या बाबतीत एक विशेष सावधगिरी सांगितली पाहिजे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेचा एक थर असतो, ज्यायोगे हाड लांब होते. हा थर मुलींत सुमारे चौदा-पंधरा व मुलांत सोळा-सतरा वर्षांपर्यंत राहतो. तो बंधांहून नाजूक असतो. म्हणून मोठ्या माणसाचा जेथे बंध ताणला जाईल, तेथे मुलाचा हा थरच सरकण्याचा संभव असतो. मुलाच्या घोट्याचे हाड दाबून दुखत असेल तर 'मुरगळले असेल' असे म्हणून घरी ठेवू नये.

प्रथमोपचार असे करावे. खेळ तत्काळ थांबवावा. बूट हळूच काढावा. बोटांपासून घोट्यापर्यंत वर जात ताणपट्टी गुंडाळावी. ती घट्ट असावी, पण बोटे निळी, गार किंवा बधिर होऊ नयेत. तशी झाल्यास पट्टी लगेच सैल करावी. पाय उशांवर, छातीहून उंच ठेवावा. बर्फ मिळाल्यास तो कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. खेड्यात बर्फ मिळाला नाही तर माठाच्या पाण्यात भिजवलेले कापडही चालते. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नये. बर्फाविषयी येथे एक खुलासा करणे उचित होईल. विश्रांती, बर्फ, दाब व उंची ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली सांगितली. पुढे त्यांनीच म्हटले की, बर्फ ठणका कमी करितो, पण अधिक काळ लावल्यास भरून येण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून बर्फ हा ठणक्यापुरता, पहिल्या दिवशी, एवढेच समजावे.

पहिले दोन-तीन दिवस शेक, मर्दन व चोळणे पूर्णपणे वर्ज्य. आमच्या जिल्ह्याची हळद नामांकित आहे, आणि गरम हळदीचा लेप लावावयाची चाल घरोघरी आहे. लेप वरून लावला तर फारशी हानी नाही, परंतु तो लावून डॉक्टरांकडे जाणे टळले तर हानी होते. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे हाड बसविणाऱ्याकडून पाय ओढून घेणे व बांबूच्या कामट्या करकचून बांधणे. मोडलेले हाड ओढल्याने आतील रक्तवाहिनी दुखावते, व अति घट्ट बांधल्याने रक्त थांबून पाय सडण्यापर्यंत वेळ येते. पालकहो, येथे आम्ही हात जोडून विनंती करितो की, ज्या पायाची तपासणी झालेली नाही, तो कोणाच्याही हाती ओढावयास देऊ नका. सरकारी रुग्णालयाची वाट दूर वाटली तरी ती पायाच्या मोलाची आहे. पाय बेढब वाकडा दिसत असेल, हाड बाहेर आले असेल, किंवा बोटे गार पडली असतील, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलावावी.

हाड मोडलेले नसेल तर दोन-तीन दिवसांनी सौम्य हालचाल सुरू करावी. फार दिवस पाय बांधून ठेवणे हेही चूकच. खाटेवर बसून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. यात घोटा सर्व बाजूंस फिरतो, व लहान मुलांस गंमतही वाटते. मग भिंतीला हात लावून, नंतर हात सोडून, दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभे राहण्याचा सराव करावा. बंध बरा झाला तरी त्याची जाणीव मंद झालेली असते. तोल राखण्याचा सराव केला नाही, तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो. मैदानावर परतण्याची परीक्षा अशी : त्या एका पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या, सरळ धावता आले, व नागमोडी धावता आले, तर परवानगी. किरकोळ लचक एक ते तीन आठवडे, मध्यम चार ते सहा, व पूर्ण फाटलेला बंध तीन महिन्यांपर्यंत वेळ घेतो.

टाच, तळवा व गुप्त तडा

आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलांच्या टाचेत मागच्या बाजूस दुखते व बाजूंनी दाबल्यास कळ येते. टाचेच्या वाढीच्या भागावर स्नायूंचा ताण पडल्याने हे होते. अमेरिकेतील डॉ. सेव्हर यांनी १९१२ साली याचे वर्णन केले. हे भयंकर नाही. धावणे-उड्या काही आठवडे कमी करून, मऊ टाचेचे पादत्राण घालून व पोटरीचे ताणाचे व्यायाम करून ते जाते. पालकांस मात्र सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टाकताच टाचेत सुई टोचल्यासारखे वाटत असेल तर ते निराळे, तळव्याच्या पडद्याचे दुखणे समजावे. दिवसभर कठीण जमिनीवर उभे राहणारांस ते होते. अंथरुणातून उठण्यापूर्वी पावलाची बोटे आपल्याकडे ओढून तळवा ताणल्याने आराम पडतो.

आता ज्या दुखण्यासाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्रायथाउप्ट नावाच्या वैद्यास असे दिसले की, लांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय काही मार न लागता सुजतात व दुखतात. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले की ते बारीक तडे आहेत. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते. तद्वत्, हाडाला भरून येण्यास वेळ न देता त्यावर आघात करीत राहिले, तर त्यास तडा जातो. पावलाच्या मधल्या लांब हाडांस तो विशेष करून होतो.

काही वर्षांमागे इयत्ता नववीतील एक मुलगा आम्हांकडे आला. तालुका स्पर्धेस तीन आठवडे राहिले होते, आणि १५०० मीटरांत आमची सारी आशा त्याच्यावर होती. पावलाच्या मध्यावर दुखते, असे तो म्हणाला. आम्ही पाहिले. सूज नाही, निळेपणा नाही, तो चालतोही आहे. आम्ही त्यास म्हटले की, थोडे सोसावे, खेळाडूने दुखण्याचे कौतुक करू नये. तो पुन्हा एकदा आला, आम्ही पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. शर्यतीच्या दिवशी दुसऱ्या फेरीत तो लंगडत बाजूस झाला व खाली बसला. क्ष-किरणात दुसऱ्या लांब हाडास तडा दिसला. त्याची आई रुग्णालयात आम्हांस एवढेच म्हणाली, "सर, त्यानं तुम्हाला सांगितलं होतं." त्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

यानंतर आम्ही या दुखण्याची लक्षणे पाठ केली, ती येथे देतो. दुखणे एका बोटाने दाखविता येईल अशा नेमक्या जागी असते. प्रथम ते फक्त धावताना होते व थांबताच थांबते. दिवसेंदिवस ते लवकर सुरू होऊ लागते, शेवटी चालताना व रात्री निजल्यावरही होते. सूज नसली तरी फसू नये. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरणातही तडा दिसत नाही. म्हणून चित्र स्वच्छ आले तरी दुखणे राहिल्यास पुन्हा तपासावे. उपचार एकच, विश्रांती. ती बहुधा सहा ते आठ आठवड्यांची. सराव हळूहळू वाढवावा. आठवड्यास एकदशांशाहून अधिक अंतर वाढवू नये, हा ढोबळ नियम बरा. मुलींच्या बाबतीत आयांनी लक्ष द्यावे. आहार कमी पडून पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर हाडे दुर्बळ होतात व असे तडे अधिक जातात. खेळणाऱ्या मुलीस भाऊ जेवून उरलेले वाढून चालणार नाही. तिलाही दूध, डाळ, भाकरी व शेंगदाणे पोटभर मिळाले पाहिजेत. माणदेशातील मोही गावची ललिता बाबर खो-खो खेळत वाढली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत दहावी आली. आपल्याही पाटीत अशी कोणी बसलेली असेल, कोणी सांगावे?

विश्रांती घेतली तर मागे पडू, ही मुलांची भीती असते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८च्या आशियाई स्पर्धेस मुकला. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वर येथे त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय उच्चांक मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक व २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. एक हंगाम गेला म्हणजे आयुष्य गेले असे नव्हे.

औषधपेटी

प्रत्येक संघाच्या पेटीत पुढील वस्तू असाव्या : रुंद ताणपट्टी, निर्जंतुक जाळीदार पट्ट्या, चिकटपट्टी, कापूस, साबण, पोव्हिडोन आयोडीन, चिमटा, नखे कापण्याचे साधन व पॅरासिटामॉलच्या गोळ्या. मुलांस अ‍ॅस्पिरिन देऊ नये. पेटीबरोबर एक वही असावी, व जो जो दुखते म्हणून सांगेल त्याचे नाव, जागा व दिनांक तीत लिहावा. एकाच मुलाचे नाव दोन वेळा आले की त्यास डॉक्टरांकडे पाठवावे. ही वही आम्ही त्या मुलाच्या आईच्या शब्दांनंतर सुरू केली.

शेवटी एक गोष्ट. प्रभू येशूने अखेरच्या रात्री कंबरेस रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, हे आपण उपासनेत ऐकतो. पाय हा शरीराचा सर्वांत खालचा, धुळीत राहणारा अवयव. त्याची सेवा करण्यात गुरूस कमीपणा वाटला नाही. मग शिक्षकाने मुलाचे पाऊल हाती घेऊन पाहण्यात, आणि आईबापांनी शेतातून आल्यावर त्याच्या तळव्यावर दिवा धरण्यात कमीपणा कसला? मुलांनो, तुम्हीही दुखणे लपवू नका. धीराने सांगणे हेही शौर्यच आहे. आणि तुम्ही सांगितले, तर आम्ही ऐकू, हे वचन या पानावर लिहून देतो.